हवेत कापलेल्या फांद्या

डॉ. शलाका दाभाडेला झाडांचे आकडे तोंडपाठ असत, माणसांचे आवाज मात्र मुळीच ओळखू येत नसत. म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी फोनवर "ताई, मी चिमाजी बोलतोय" असं ऐकू आलं, तेव्हा ती चक्क "कोण चिमाजी?" असं विचारून बसली. आणि दुसऱ्याच क्षणी तिने जीभ चावली.

"आता काय म्हणावं बाई! तीन वर्षं तुमच्यासाठी झाडावर चढलो, तो चिमाजी असवले. तळपेवाडीचा."

"अहो मामा! कसे आहात?"

"मी बरा हाय. झाडं बरी न्हाईत म्हणत्यात. तुमच्या मशिनीनं आमच्या वाडीचे तीनशे बारा हिरडे मेले म्हणून लिहिलंय. फॉरेस्टवाले तांबडा पट्टा मारून गेले. संक्रांत झाली की करवत येणार. तुम्ही एकदा येऊन बघा."

"मामा, कानोसा चुकत नाही हो."

"मग मी चुकलो असंल. पण येऊन तर बघा."

आता हा कानोसा म्हणजे काय, ते सांगायला हवं. झाडाला हृदय नसतं, पंप नसतो, तरी शंभर फुटांवरच्या पानाला पाणी पोचतं. ते खालून कुणी ढकलत नाही, वरून ओढलं जातं. पानांतून वाफ उडते आणि तिच्यामागे पाण्याची एक अखंड तार थेट मुळापर्यंत ताणली जाते. खोडातल्या लाकडात केसाहून बारीक अशा हजारो नळ्या असतात आणि प्रत्येकीत ही तार ताणलेली असते. उन्हाळा कडक झाला, जमीन सुकली, की ताण वाढतो. फार वाढला की कुठूनतरी हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तार तुटते. चट! त्या नळीतून पाणी चढणं बंद. हा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही.

शलाकाने तो ऐकणारं यंत्र बनवलं होतं. पेढ्यांच्या खोक्याएवढी डबी, खोडाला चिकटवायची. हंगामभर ती झाडाचा कानोसा घेत बसायची, चट-चट मोजायची आणि शेवटी सांगायची, की या झाडाच्या शंभरातल्या इतक्या नळ्या बंद पडल्या. ऐंशीच्या पुढे गेलेलं झाड परत येत नाही, हा तिच्या शास्त्रातला नियम. आणि उभ्याने वाळलेलं झाड म्हणजे वणव्याचं सरपण. दोन हजार चाळीस सालानंतर सह्याद्रीत जे वणवे पेटले त्यांत वाड्याच्या वाड्या गेल्या होत्या. म्हणून नियम झाला. कानोशाचा आकडा ऐंशीच्या वर गेला की तांबडा पट्टा, आणि पट्टा दिसला की करवत. गेल्या वर्षी अकरा तालुक्यांत एक्केचाळीस हजारांवर झाडं तोडली गेली, वणवे निम्म्यावर आले, शलाकाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं यथासांग.

एक गोष्ट मात्र सत्काराच्या भाषणांत कुणी सांगितली नाही. आवाज मोजणं सोपं होतं. किती आवाज झाले म्हणजे किती नळ्या बंद झाल्या, हे ठरवायला एक तक्ता लागायचा, आणि तो तक्ता एकोणचाळीस वर्षांपूर्वी तळपेवाडीच्या केंद्रात तयार झाला होता. राजोपाध्ये सरांचा तक्ता. सत्तावीस जातींची झाडं, त्यांतल्या बारा जातींचे आकडे सरांच्या विद्यार्थिनीने काढलेले. विद्यार्थिनीचं नाव शलाका बोऱ्हाडे. म्हणजे हीच, लग्नाआधीची.

खरं तर चिमाजीमामांची समजूत फोनवरही घालता आली असती. पण तिचा नवरा जयवंत जाऊन तीन वर्षं झाली होती, पुण्यातलं घर खायला उठायचं, आणि तळपेवाडी म्हटलं की शलाकाच्या मनात काहीतरी हलायचं. तिने गाडी काढली.

जुन्नर सोडलं, घाट लागला, आणि ती एकटीच हसायला लागली. हाच रस्ता, हीच वळणं. दिवसातून एकच एसटी, दीडला जुन्नरला जायची आणि रात्री परत यायची. खिडकीला काच नाही, सीटला रेक्झिन नाही, आणि कंडक्टर तिला "झाडवाल्या बाई" म्हणायचा. केंद्र म्हणजे तरी काय, पत्र्याच्या दोन खोल्या! एकीत काचेच्या नळ्या आणि तराजू, दुसरीत रॉकेलचा स्टो आणि सरांची बडबड. सर चहा करता करता शिकवायचे आणि शिकवता शिकवता चहा उतू घालवायचे. चोवीस वर्षांची शलाका तेव्हा दिवसाला दोन चपात्या आणि मूठभर करवंदांवर जगत होती, आणि आयुष्यात पुन्हा कधी इतकी सुखी झाली नाही, असं तिला आपलं वाटायचं. वय झालं की माणसाला मागचं सगळं गोडच दिसतं म्हणतात. पण हे खरोखरच गोड होतं.

चिमाजीमामा केंद्राच्या दारात उभे होते. एकोणऐंशी वर्षांचे, काठीसारखे ताठ.

"केस पांढरे झाले की हो ताई!"

"तुमचे राहिलेच नाहीत मामा, त्याचं काय?"

दोघंही मनापासून हसले. मग ते तिला झाडांकडे घेऊन गेले, आणि हसणं थांबलं.

उतारावर हिरडेच हिरडे, प्रत्येकाच्या कमरेला तांबडा पट्टा. ओळखीची झाडं होती ती. या वाडीचं अख्खं पोट हिरड्यावर. उन्हाळ्यात कोवळी फळं वेचायची, वाळवायची, औषधवाल्यांना विकायची. बाकी शेती नावालाच.

"गेल्या साली चांगला माल निघाला," मामा म्हणाले. "मेलेल्या झाडाला येवढा हिरडा लागतो व्हय?"

"लागतो मामा. जाता जाता झाड भरभरून फळतं. विझताना दिवा मोठा होतो ना, तसं."

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हालाच ठाव." मामांनी वाद घातला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. "सरांच्या पद्धतीने मोजूनच दाखवते. जुनी नळकांडी आहेत ना अजून?"

होती. मामांनी बारा वर्षं बंद पडलेल्या केंद्राची किल्ली कमरेला बांधून ठेवली होती आणि काचा पुसून ठेवल्या होत्या. शलाकाने पदर खोचला, दुपारी बाराच्या उन्हात कात्री घेतली, हात पोचेल ती फांदी कापली आणि आत आणली. पद्धत सोपी होती. फांदीच्या एका टोकाला नळी लावायची, पाणी सोडायचं, दुसऱ्या टोकातून मिनिटाला किती पाणी गळतं ते तोलायचं. मग जोराने पाणी मारून आतले बुडबुडे हाकलायचे आणि पुन्हा तोलायचं. दोन्हींतला फरक म्हणजे बंद पडलेल्या नळ्या.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, पण खात्री होती. "बघा मामा. कानोसाही ब्याऐंशी सांगतोय."

मामा आकड्याकडे बघतच नव्हते. ते फांदीच्या कापाकडे बघत होते.

"ताई, ही अशी काय कापलीत?"

"अशी म्हणजे?"

"अशी, हवेत. सर अशी कापू द्यायचे का? आदल्या सांजंला वलं गोणपाट गुंडाळायचं, तांबडं फुटायच्या टायमाला फांदी वाकवून बादलीत बुडवायची आन् पाण्यात कापायची. मी बादली धरायचो, सर कापायचे. हवेत कापली तर सर वरडायचे, माझ्यावर बी आन् झाडावर बी."

शलाका खुर्चीवर बसली. कारण तिला कळत होतं, सगळं कळत होतं. फांदीतली तार ताणलेली असताना ती हवेत कापली, की कापलेल्या तोंडातून नळ्या हवा ओढून घेतात. झाडात बुडबुडे नसतात, ते कात्रीच आत घालते. आपण मोजायला जातो आणि मोजण्यानेच मारतो. हे ती दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना शिकवायची. आणि आज तिने विचारही न करता हवेत कापली होती. हाताला सवय असल्यासारखी.

"मामा," ती म्हणाली, "उद्या पहाटे बादली धराल?"

त्याच झाडाची, तशीच जाड फांदी. संध्याकाळी गोणपाट, पहाटे बादली. थंडी कडाक्याची होती, पण मामांच्या हातातली बादली हलली नाही. शलाकाने पाण्यात काप घेतला, आत नेलं, तोललं.

एकतीस.

तिने पुन्हा तोललं. एकतीसच. मग दुसरं झाड, तिसरं झाड. तीन दिवसांत सहा झाडं झाली. पहाटे पाण्यात कापलेल्या फांद्या तिशीच्या आसपास, दुपारी हवेत कापलेल्या ऐंशीच्या. झाडं तीच. झाडं जिवंत होती. तहानलेली, दमलेली, पण ठणठणीत जिवंत.

मग कानोसा ब्याऐंशी का सांगत होता? तर तक्ता तसं सांगत होता म्हणून. आणि तक्त्याच्या हिरड्याच्या रांगेत जे आकडे होते, ते एकोणचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हवेत कापलेल्या फांद्यांवरून काढले होते.

कुणीतरी कशाला? तिनेच.

सरांना त्या वैशाखात विषमज्वर झाला होता, ते महिनाभर जुन्नरला अंथरुणावर होते. "शलाका, केंद्र तुझ्यावर," असं म्हणून त्यांनी वही तिच्या हातात दिली होती. आणि नेमका तोच बाळहिरड्याचा हंगाम. वाडीतलं चालतं-फिरतं प्रत्येक माणूस झाडांवर, चिमाजीसुद्धा. पाण्यात फांदी कापायला दोन माणसं लागतात, एक वाकवून बादली धरायला, एक कापायला. तिच्याकडे एकच होतं. सर असते तर म्हणाले असते, थांब महिनाभर. तिने चार दिवस थांबून पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी कात्री घेतली आणि हवेत कापली. हिरडा, जांभूळ, ऐन, बेहडा, अशा बारा जाती. आणि वहीत 'कापण्याची पद्धत' असा एक रकाना होता, त्यात सवयीने सगळीकडे लिहून टाकलं, 'पाण्यात'.

त्या महिन्यातली प्रत्येक गोष्ट तिला आठवत होती. करवंदांचा रंग, स्टोचा वास, एसटीची घरघर. फक्त हा रकाना तेवढा ती विसरली होती. स्मरण म्हणजे लाडावलेलं पोर, हवं ते उचलतं आणि नको ते पलंगाखाली सारतं.

"मग झालं तर!" मामा म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमचे हिरडे वाचले."

"वाचले मामा."

वाचवणं अगदी सोपं होतं, हे तिला तेव्हाच कळलं. 'स्थानिक अपवाद' असा एक अर्ज भरायचा, तीनशे बारा झाडांचे पट्टे पुसायला लावायचे. तिच्या सहीला कुणी का विचारलं नसतं. तक्ता होता तिथे राहिला असता, सरांचं नाव राहिलं असतं, तिचंही. तिने तो अर्ज फोनवर उघडलासुद्धा. खोटं कशाला बोला, अर्धा भरलासुद्धा.

मामा बादली पालथी घालत होते. ते सहज बोलल्यासारखं बोलले, "माझ्या बहिणीच्या वाडीचे गेल्या साली तोडले. दीडशे व्हते. ते बी जितेच असतील व्हय, ताई?"

शलाकाने अर्ज बंद केला.

राजोपाध्ये सर आता सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि जुन्नरला मुलीकडे राहत होते. नजर अधू झाली होती, डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख. शलाका दिसताच ते खुलले. "ये ये! अगं, परवा तुझ्या कानोशाबद्दल रेडिओवर ऐकलं. माझ्या तक्त्याचं नाव घेतलं त्यांनी! म्हातारपणी असं काही ऐकलं की चार घास जास्त जातात बघ."

इतकी शरम तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ती बसली, आणि हिरड्यापासून बादलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

सर ओरडलेच.

"वहीत 'पाण्यात' लिहिलं होतंस! मी ती वही अंगात ताप असताना वाचली. इतके सुबक आकडे, एका रेषेत! मला किती अभिमान वाटला होता, तुला कल्पना आहे? किती झाडं तोडली?"

"गेल्या वर्षी एक्केचाळीस हजार तीनशे सहा. त्यांतली बारा जातींची किती, ते अजून मोजायचंय. निम्मी तरी असतील."

"अरे देवा." सरांनी कपाळाला हात लावला. "थांबायचं होतंस. हिरड्याचा हंगाम संपेपर्यंत थांबायचं. एक महिना, शलाका! काय घाई होती तुला?"

हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"दीडची एसटी, सर."

"काय?"

"जयवंत तेव्हा इथल्या कॉलेजात गणित शिकवायचा. त्याची महिनाभराचीच नेमणूक होती, पुढे तो नागपूरला जाणार होता. पहाटेची कामं एकटीने जमेनात, आणि दुपारी भराभर कापलं, तोललं, की दीडची गाडी मिळायची. तो स्टँडवर उभा असायचा. तुम्ही इथे तापाने फणफणला होतात, आणि मी दोन गल्ल्या सोडून त्याच्याबरोबर उसाचा रस पीत होते."

रागाचं काय झालं कोण जाणे, सरांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तुझ्या लग्नात मी त्याच्या शेजारी जेवायला बसलो होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, पुण्यात ओळख झाली असेल. चांगला होता पोरगा. सुखात होतात का गं दोघं?"

"होतो, सर. पस्तीस वर्षं. फार सुखात होतो." आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना. "म्हणून तर सहन होत नाही. जिवंत झाडं गेली, वाड्यांचं पोट गेलं, आणि माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते त्याच दुपारी झालं. मला पश्चात्ताप करायचाय आणि नीट करताही येत नाही."

आतून मुलीने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता निघून गेली. चहा निवत राहिला.

शलाकाने डोळे पुसले, फोन काढला आणि वनखात्याला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. सगळ्या तालुक्यांतली तोड ताबडतोब थांबवावी. बारा जातींचे आकडे चुकीचे आहेत. फांद्या हवेत कापल्या होत्या, वहीत पाण्यात असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. सगळी जबाबदारी माझी. खाली एकटीची सही.

"माझं नाव कुठेय?" सरांनी विचारलं.

"तुमचा काय संबंध, सर? तुम्ही आजारी होतात."

"तक्त्याखाली सही माझी आहे. बारा जाती, एकटी मुलगी, हिरड्याच्या हंगामात. बादली कोणी धरली, हे मी विचारलं नाही. कारण आकडे मला आवडले होते. माझं नाव वर घाल. तुझ्या वर."

"लोक काय म्हणतील, सर?"

"म्हणू देत. सत्त्याऐंशी वर्षं चांगलंच म्हणत आलेत, कंटाळा आला." मग ते पुढे वाकले आणि पूर्वी तोंडी परीक्षा घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, "एक सांग. ती दुपार परत मिळाली, तर काय करशील?"

सरांशी आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि स्वतःशी तर नव्हताच.

"एसटी पकडेन, सर," ती म्हणाली. "पकडेनच. पण निघण्याआधी वहीतलं त्या दिवसाचं पान फाडून टाकेन."

सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"हेच तुला शिकवायचं राहिलं माझ्याकडून," ते म्हणाले. "आकडे लिहायला शिकवलं, पान फाडायला शिकवलंच नाही. पाठव आता."

तिने आपल्या नावाच्या वर सरांचं नाव घातलं, तोडलेल्या झाडांचा आकडा पत्रात घातला, एकदा पुन्हा वाचला, आणि पत्र पाठवलं.